पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावी? जुन्या मोटारींविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. जुन्या गाडीतील पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलच्या प्रवाहाची उघडमीट करणारा यांत्रिक स्विच) आणि त्याला जोडलेला कंडेन्सर काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवल्यावर गाडीचा भरवसा वाढतो की कमी होतो, असे या वाचकांना विचारायचे आहे. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९६४ ची १०९८ सीसीची मॉरिस मायनर आहे. दहा महिन्यांपूर्वी पॉइंट काढून हॉल इफेक्टवर, म्हणजे चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरवर, चालणारे किट बसवले आणि त्याच वेळी ‘जास्त शक्तीची’ म्हणून मिळणारी नवी कॉइलही (ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणारे वेटोळे) घातली. किट पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे ‘+’ टोक बॉडीला जोडलेल्या, गाडीसाठीचेच आहे. पहिले मॉड्यूल (किटमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) सहा महिन्यांत गेले आणि दुसरे चार महिन्यांत. माझे मेकॅनिक म्हणतात की ही वस्तू जुन्या गाडीला सोसत नाही, पॉइंटच परत टाका. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडून प्रवाह मिळणाऱ्या वेटोळ्याचा, रोध मीटरवर दीड ओम दिसतो. सकाळी चावी फिरवून कार्ब्युरेटर भरेपर्यंत मी थांबतो, त्यातही बराच वेळ जातो, कारण पंप आता हळू चालतो.

उत्तर : आपण कॉइलचा रोध मोजून कळवलात हे फार बरे केलेत, कारण दोन्ही मॉड्यूल जाण्याचे कारण बहुधा त्या एका आकड्यातच आहे. आपल्या गाडीची मूळ कॉइल सुमारे तीन ओमची होती. दीड ओमची कॉइल ही बॅलास्ट रोधकाच्या जोडीने वापरण्यासाठी बनवलेली असते. गाडी चालू करताना स्टार्टरने बॅटरीचा दाब खाली ओढला की बॅलास्ट वगळून कॉइलला थेट पुरवठा द्यायचा आणि इंजिन सुरू झाल्यावर बॅलास्टमधून प्रवाह मर्यादेत ठेवायचा, अशी ती योजना असते. आपल्या मायनरमध्ये बॅलास्ट नाही, त्यामुळे या कॉइलला सतत पूर्ण बारा व्होल्ट मिळत आहेत.

आता चावी चालू आणि इंजिन बंद अशा स्थितीत काय होते ते पाहा. तीन ओमच्या कॉइलमधून सुमारे चार अँपिअर वाहतात, तर दीड ओमच्या कॉइलमधून जवळजवळ आठ. मॉड्यूलमधल्या ट्रान्झिस्टरवर एक ते दीड व्होल्टचा दाब खर्च होतो, म्हणजे नखाएवढ्या त्या भागात चार-पाच वॉटऐवजी दहा वॉटच्या आसपास उष्णता तयार होऊ लागते. ही उष्णता बाहेर नेण्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या (ठिणगीचा प्रवाह प्लगांना वाटणाऱ्या भागाच्या) पातळ प्लेटखेरीज काहीच नसते. आपल्या गाडीला एसयू बनावटीचा विजेवर चालणारा इंधनपंप आहे आणि त्याची टकटक मंदावेपर्यंत चावी लावून थांबण्याची सवय मायनरच्या मालकांना असतेच. पॉइंट असताना ही सवय फारशी महाग पडत नाही, कारण पॉइंट उघडे असतील तर प्रवाह वाहतच नाही आणि मिटलेले असतील तर तापते ती तेलाने भरलेली मोठी कॉइल. स्वस्त मॉड्यूलला मात्र इंजिन थांबलेले आहे हे ओळखून प्रवाह तोडण्याची सोय नसते. ते प्रत्येक सकाळी थोडे थोडे भाजत राहते आणि एके दिवशी जागीच थांबते. आपली गाडी दोन्ही वेळा घरून निघतानाच बंद पडली असेल, तर त्यामागे हेच असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून तिसरे मॉड्यूल घेण्याआधी तीन ओमची साधी कॉइल बसवावी, आणि घेताना इंजिन थांबले की प्रवाह आपोआप तोडणारे मॉड्यूल पाहून घ्यावे. त्याबरोबर पंपाचाही तपास करावा. बराच वेळ टकटक करणाऱ्या पंपाचे व्हॉल्व्ह किंवा पडदा थकलेला असतो, किंवा नळीत कुठेतरी हवा शिरत असते. ते दुरुस्त झाले की चावी लावून थांबण्याची वेळच काही सेकंदांवर येईल.

आपल्या मेकॅनिकांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. जुन्या गाडीत ही वस्तू टिकत नाही असे त्यांनी पाहिलेले आहे. परंतु ती का टिकत नाही याचे उत्तर बहुतेक वेळा मॉड्यूलच्या बाहेर सापडते: कॉइल चुकीची असते, अर्थिंग अर्धवट असते, जोडणी उलटी झालेली असते, किंवा प्लगच्या तारा साध्या तांब्याच्या असतात. शेवटचा मुद्दा आपणही तपासावा. रोध नसलेल्या तांब्याच्या तारांमधून उठणारा विद्युतगोंगाट काही मॉड्यूलना चुकीच्या क्षणी चालवतो किंवा कायमचे बिघडवतो. कार्बनच्या गाभ्याच्या तारा किंवा रोध असलेल्या प्लग कॅप वापरणे आवश्यक आहे.

पॉझिटिव्ह अर्थविषयी एक सूचना अवश्य देतो. ‘+’ आणि ‘−’ अशा खुणांची आधुनिक कॉइल पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत पॉइंटांबरोबर वापरायची असेल, तर चावीकडून येणारी तार ‘−’ वर आणि डिस्ट्रिब्यूटरची तार ‘+’ वर येते. उलट जोडली तरी गाडी चालते, पण ठिणगीची ध्रुवता उलटते आणि प्लगला अधिक दाब लागतो. मॉड्यूल लावलेले असेल तर किटच्या आकृतीप्रमाणेच जोडावे. पॉइंटांना उलट जोडणी चालून जाते, ट्रान्झिस्टरला क्षणभरही चालत नाही. बॅटरी बदलताना किंवा दुसऱ्या गाडीवरून जंप देताना झालेली एक चूकही पुरेशी असते.

प्रश्न : मुळात अधिक भरवशाचे कोणते, पॉइंट की इलेक्ट्रॉनिक? दोन्ही बाजूंनी ठाम मते ऐकून मी गोंधळलो आहे.

उत्तर : ही मते ठाम असतात, कारण दोन्ही पद्धती निराळ्या रीतीने बिघडतात आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याला आलेला बिघाड लक्षात ठेवतो.

चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरी, कॉइल आणि उघडमीट करणारे पॉइंट यांची जी पद्धत आणली, ती पुढची साठ वर्षे जवळजवळ सर्व पेट्रोल गाड्यांत टिकून राहिली. तिचे गुपित असे की ती हळूहळू बिघडते. पॉइंटचा कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजत जातो, फट कमी होते, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) वाढतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते. ड्वेल एक अंशाने बदलला की क्रँकच्या मापात टायमिंगही साधारण एक अंशाने सरकते. गाडी आधी जड वाटू लागते, मग सकाळी कुरकुरते, मग मिसिंग करते. इतक्या सूचना मिळाल्यावरही कुणी लक्ष दिले नाही तरच ती थांबते, आणि तेव्हाही फीलर गेज आणि बारीक पॉलिश पेपर हाताशी असेल तर रस्त्याच्या कडेला ती पुन्हा चालू करता येते.

मॉड्यूलमध्ये झिजण्यासारखे काहीच नाही. एकदा लावलेले टायमिंग वर्षानुवर्षे हलत नाही, आणि रोज चालणाऱ्या गाडीत हा फायदा फार मोठा असतो. पण ते जेव्हा जाते तेव्हा बहुधा पूर्वसूचना न देता जाते, आणि रस्त्यावर त्याला दुरुस्त करण्याचा कोणताही मार्ग नसतो. त्यामुळे वर्षभरात किती बिघाड झाले एवढेच मोजले तर इलेक्ट्रॉनिक पद्धत उजवी ठरेल, आणि बिघाड झाल्यावर आपल्या हाताने घरी पोहोचता येते का हे पाहिले तर पॉइंट उजवे ठरतील.

यात आता एक नवी अडचण आली आहे. बाजारात मिळणाऱ्या नव्या पॉइंटांचा आणि कंडेन्सरांचा दर्जा पूर्वीसारखा राहिलेला नाही. फायबरऐवजी मऊ प्लास्टिक लावलेले पॉइंट काही शे किलोमीटरमध्ये मिटतात, आणि कोरा कंडेन्सर पहिल्याच उन्हात गळू लागतो. चांगल्या जुन्या साठ्यातला संच हाती असेल तर गोष्ट वेगळी, पण तो नसेल तर पॉइंटांचा जुना लौकिक आजच्या पॉइंटांना आपोआप लागू होतो असे मानू नये. याच कारणामुळे मी स्वतः गाडी वर्षाला काही हजार किलोमीटर चालणार असेल तर चांगल्या किटची शिफारस करतो. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या आणि डिस्ट्रिब्यूटर उत्तम स्थितीत असलेल्या गाडीला हात लावू नये, असेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

प्रश्न : ड्वेल मीटरचा काटा स्थिर राहत नाही, आयडलला ५८ अंश आणि जोरात फिरवल्यावर ५२ अंश दाखवतो. डिस्ट्रिब्यूटर ल्यूकसचा २५डी४ आहे. शाफ्टची बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) झिजली आहे असे सांगतात. इलेक्ट्रॉनिक किट बसवल्यास हा दोष जाईल का?

उत्तर : दोष झाकला जाईल, जाणार नाही. या डिस्ट्रिब्यूटरसाठी ड्वेल ६० अंश, तीन अंश कमी-जास्त, असा दिलेला आहे. वेगाबरोबर तो सहा अंशांनी बदलत असेल तर शाफ्ट बुशमध्ये आडवा हलतो आहे, किंवा पॉइंट बसतात ती प्लेट सैल झाली आहे. टोपण काढून रोटरचा (ठिणगी एकेका प्लगकडे नेणाऱ्या फिरत्या तुकड्याचा) दांडा बोटांनी आडवा हलवून पाहिला तरी कळेल.

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, त्यामुळे शाफ्टने केसाएवढी जागा बदलली तरी ती फट लक्षणीय बदलते. चुंबकाच्या कड्याला आणि सेन्सरला त्यामानाने अंतर अधिक चालते, म्हणून किट बसवल्यावर गाडी नितळ चालू लागते आणि सुधारणा खरी वाटते. पण शाफ्ट डोलतोच आहे, त्यामुळे एका सिलिंडरला ठिणगी थोडी आधी आणि दुसऱ्याला थोडी उशिरा पडत राहील. डोलणे आणखी वाढले तर कडे सेन्सरला घासेल आणि मग मॉड्यूल कच्चे निघाले असे म्हटले जाईल. आधी बुश बदलून घ्यावी. त्याच वेळी वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी खालची वजने आणि त्यांच्या दोन स्प्रिंगाही तपासाव्यात. ताणलेली स्प्रिंग टायमिंग लवकर पुढे नेते आणि चढावर इंजिन ठोकू लागते, त्यावर कोणत्याही मॉड्यूलचा इलाज नाही. इंजिनाच्या व्हॅक्यूमने प्लेट फिरवणारा डबाही तोंडाने ओढून पाहावा. ओढलेला दाब धरून राहिला नाही तर आतला पडदा फाटलेला आहे.

याच जागेतील आणखी एक वस्तू मला विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. पॉइंटची प्लेट आणि डिस्ट्रिब्यूटरचे अंग यांना जोडणारी विणलेल्या तारेची बारीक पट्टी आत असते. व्हॅक्यूममुळे प्लेट सतत मागेपुढे फिरते आणि ती पट्टी वाकून वाकून आतून तुटते. बाहेरून ती अखंड दिसते. माझ्या स्वतःच्या गाडीत एकदा दोन दिवस मॉड्यूलवर संशय घेण्यात गेले. बदली मॉड्यूल लावूनही दोष तसाच राहिला तेव्हा ही पट्टी सोडवून पाहिली, तर तिचे शेवटचे दोन धागे उरले होते. तेव्हापासून किट बसवताना मी ती पट्टी नवीच घालतो.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक किट बसवलेली गाडी चाळीस मिनिटे छान चालते, थोडा वेळ थांबवली की पुन्हा चालू होत नाही. अर्ध्या तासाने काहीच झाले नसल्यासारखी चालू होते. मॉड्यूल बदलावे का?

उत्तर : अजून बदलू नये. हेच लक्षण मॉड्यूल, कॉइल आणि इंधन या तिघांतही दिसते. इंजिन थांबल्यावर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, त्यामुळे बॉनेटखालचे तापमान आधी कमी न होता वाढते. त्या काही मिनिटांत मॉड्यूल तापून बंद पडू शकते, कॉइलचे आतले वेटोळे तुटू शकते, आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळून वाफही होऊ शकते. आजचे पेट्रोल जुन्या पेट्रोलपेक्षा लवकर बाष्प होते, म्हणून या तक्रारीत इंधनाचा वाटा पुष्कळदा असतो आणि दोष इग्निशनला लागतो.

तपासण्याची रीत सोपी आहे, फक्त ती गाडी चालू होत नसतानाच, थंड होण्याआधी करावी. एक जादा प्लग जवळ ठेवावा, तो एका तारेला लावून त्याचे अंग इंजिनच्या धातूला पक्के टेकवावे आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. तार मोकळी हवेत धरून ठिणगी पाहण्याची जुनी सवय इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये मोडावी, कारण उच्च दाबाला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आवरणातून किंवा मॉड्यूलमधून वाट काढतो.

ठिणगी जोरदार पडली तर इग्निशन निर्दोष आहे, इंधनाकडे वळावे. पडली नाही तर चावी चालू ठेवून कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकावर दाब मोजावा. तो नीट असेल तर डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या टोकाला टेस्ट लँप लावून पुन्हा स्टार्टर मारावा. लँप लुकलुकत असेल तर मॉड्यूल काम करते आहे आणि दोष कॉइलमध्ये, टोपणात किंवा रोटरमध्ये आहे. लुकलुकत नसेल तरच मॉड्यूलकडे, आणि त्यातही आधी त्याच्या पुरवठ्याकडे आणि अर्थिंगकडे पाहावे. रोटरचा उल्लेख मुद्दाम केला. पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेल्या काही रोटरांत तापल्यावर ठिणगी रिव्हेटमधून थेट शाफ्टकडे उतरते. थंड असताना ते उत्तम चालतात. रिव्हेट नसलेला रोटर घेतल्यास हा प्रश्न उरत नाही.

मॉड्यूलच दोषी ठरले, तर ते कुठे बसवले आहे याचा विचार करावा. उष्णतेचा हा धडा मोटार उद्योगाने स्वतः घेतलेला आहे. ल्यूकसची ‘ओपस’ ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन १९७१ पासून जॅग्वारच्या बारा सिलिंडरच्या इंजिनावर आली, तेव्हा तिचा अँप्लिफायर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या तापलेल्या जागेत बसवलेला होता. पुढे अनेक मालकांनी तो उचलून थंड जागी नेला. डिस्ट्रिब्यूटरमध्ये केवळ सेन्सर आणि तापणारा ट्रान्झिस्टर वेगळ्या डब्यात, अशी रचना मिळत असेल तर मी तीच निवडतो. डबा रेडिएटरच्या मागच्या गरम झोतात न लावता बाजूच्या पत्र्यावर लावावा.

प्रश्न : सहा व्होल्टच्या जुन्या बीटलमध्ये सहा व्होल्टचेच किट बसवले, पण थंडीत स्टार्टर फिरतो आणि ठिणगी पडत नाही. स्टार्टर सोडता क्षणी एखादा ठोका ऐकू येतो.

उत्तर : तो शेवटचा ठोकाच दोष सांगतो आहे. स्टार्टर चालू असताना दाब इतका खाली जातो की मॉड्यूल जागे राहत नाही. स्टार्टर सुटला की दाब वर येतो आणि एक ठिणगी पडते. पॉइंटांना किमान दाबाची अशी अट नसते. सहा व्होल्टच्या गाडीत त्याच कामाला दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून केबलही जाड लागते. कुणी बारा व्होल्टच्या गाडीची पातळ केबल घातली आहे का ते पाहावे. बॅटरीचे टोक, इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी आणि चावीचा स्विच यांवर किती दाब गळतो ते स्टार्टर फिरत असताना मोजावे. सगळे स्वच्छ करूनही दोष राहिला तर या गाडीत पॉइंट परत बसवणे योग्य ठरेल.

प्रश्न : किट बसवल्यापासून आरपीएमचा काटा उड्या मारतो.

उत्तर : १९६० च्या दशकातील स्मिथ्सचे काही मीटर कॉइलकडे जाणाऱ्या तारेतील प्रवाह मोजतात, दाब नव्हे. मीटरमागे पांढऱ्या तारेचा वेढा दिसला तर तो याच प्रकारचा आहे. मॉड्यूलचा पुरवठा त्या वेढ्याच्या आधी, स्वतंत्र घ्यावा आणि वेढ्यातून फक्त कॉइलचा प्रवाह जाऊ द्यावा. पुष्कळदा एवढ्याने काटा शांत होतो.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक झाल्यावर ठिणगी जोरदार होते म्हणून प्लगची फट वाढवावी का?

उत्तर : कॉइल तीच असेल तर ठिणगीही जवळपास तीच राहते, कारण ऊर्जा कॉइलमध्ये साठते, मॉड्यूल ती फक्त वेळेवर सोडते. चार सिलिंडरच्या इंजिनाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात आणि दोन ठिणग्यांमध्ये कॉइल भरायला पुरेसा वेळ मिळतो. आठ सिलिंडरचे इंजिन ५००० फेऱ्यांवर असेल तर हे अंतर तीन मिलिसेकंद उरते, पॉइंट उडू लागतात, आणि तिथे इलेक्ट्रॉनिक पद्धतीचा लाभ खरोखर जाणवतो. आपण निर्मात्याने सांगितलेली फटच ठेवावी.

प्रश्न : किट बसवताना काढलेले जुने सामान टाकून द्यावे का?

उत्तर : मुळीच नाही, ते गाडीतच ठेवावे, आणि नुसते डब्यात टाकून नव्हे तर तयार करून. पॉइंट, कंडेन्सर आणि तार प्लेटवर बसवून, डिस्ट्रिब्यूटरमध्येच एकदा फट लावून, ती प्लेट पूर्ण उचलून पिशवीत ठेवावी. सोबत तिचे दोन स्क्रू, फीलर गेज, छोटा पेचकस आणि कोणती तार कॉइलच्या कोणत्या टोकाला जाते हे लिहिलेली चिठ्ठी असावी. मॉड्यूल आणि पॉइंट एकाच क्षणी ठिणगी देत नाहीत, म्हणून अदलाबदल केल्यावर डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवावा लागतो. दोन्ही स्थितींत स्ट्रोब लाइटने टायमिंग लावून डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर आणि ब्लॉकवर दोन रंगांच्या बारीक खुणा कराव्यात. ही अदलाबदल एकदा घरी, दिवसा उजेडी, स्वतःच्या हाताने करून पाहावी आणि त्यानंतरच लांबच्या प्रवासाला निघावे.